गास्प्रा : जवळून पाहिलेला पहिला लघुग्रह

मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांदरम्यान लक्षावधी लघुग्रहांचा पट्टा सूर्याभोवती फिरत आहे. त्यांपैकी पहिला, सेरेस, १८०१ साली सापडला. आज त्याची गणना बटुग्रहांत होते. त्यानंतर जवळजवळ १९० वर्षे पट्ट्यातील बहुतेक लघुग्रह मोठमोठ्या दुर्बिणींतूनही केवळ प्रकाशाचे ठिपके म्हणूनच दिसत राहिले. यांतील एका ठिपक्याला प्रथमच आकार प्राप्त झाला तो २९ ऑक्टोबर १९९१ रोजी. त्या दिवशी ‘गॅलिलिओ’ हे अवकाशयान ‘९५१ गास्प्रा’ या लघुग्रहाजवळून सुमारे १६०० किलोमीटर अंतरावरून गेले.

गास्प्राचा शोध रशियन खगोलशास्त्रज्ञ ग्रिगोरी न्युयमिन यांनी १९१६ मध्ये क्रिमियातील सिमेइझ वेधशाळेतून लावला. याल्टाजवळच्या गास्प्रा या आरोग्यस्थानाचे नाव त्याला देण्यात आले. पट्ट्याच्या आतल्या, म्हणजे सूर्याकडील भागात सरासरी ३३ कोटी किलोमीटर अंतरावरून तो सुमारे सव्वातीन वर्षांत सूर्याभोवती एक प्रदक्षिणा पूर्ण करतो. सिलिकेट खनिजे असलेल्या ‘एस’ वर्गातील हा पाषाणी लघुग्रह आहे.

या वर्गाविषयी शास्त्रज्ञांपुढे एक जुने कोडे होते. पृथ्वीवर पडताना पाहिल्या गेलेल्या अशनींपैकी सुमारे ८० टक्के ‘साधे कॉन्ड्राइट’ या प्रकारचे असतात. एवढ्या मोठ्या संख्येने येणाऱ्या या दगडांचे उगमस्थानही तसेच विपुल असले पाहिजे. पट्ट्याच्या आतल्या भागात ‘एस’ वर्गाचेच लघुग्रह सर्वाधिक. पण त्यांचा वर्णपट या अशनींशी जुळत नव्हता. लघुग्रह अधिक लालसर आणि काळपट दिसत. मग हे अशनी येतात तरी कोठून?

या प्रश्नावर प्रकाश टाकण्याची संधी ‘गॅलिलिओ’ला मिळाली खरी, पण यान स्वतःच संकटात होते. छत्रीप्रमाणे उघडणारा त्याचा ४.८ मीटर व्यासाचा मुख्य अँटेना एप्रिल १९९१ मध्ये उघडलाच नाही. छोट्या अँटेनातून सेकंदाला जेमतेम ४० बिट माहिती पाठवता येत होती. या वेगाने ८०० गुणिले ८०० ठिपक्यांचे एकच चित्र पूर्ण पाठवायचे तर सलग दीड दिवस लागला असता! त्यामुळे नोव्हेंबर १९९१ मध्ये निवडक चित्रेच मागवण्यात आली. उरलेली यानाच्या ध्वनिफितीसारख्या टेपवर साठवून ठेवली गेली आणि यान १९९२ च्या अखेरीस पुन्हा पृथ्वीजवळ आले तेव्हा ती उतरवून घेण्यात आली.

चित्रांत दिसला तो सुमारे १८ किलोमीटर लांब, १० किलोमीटर रुंद आणि ९ किलोमीटर जाडीचा एक ओबडधोबड, टोकदार खडक. तो सात तासांत स्वतःभोवती फिरतो. त्याच्या पृष्ठभागावर १०० ते ५०० मीटर व्यासाची ६०० हून अधिक विवरे मोजण्यात आली. मोठी विवरे मात्र फारच थोडी. याचा अर्थ हा पृष्ठभाग तुलनेने तरुण, अंदाजे २० कोटी वर्षांचा असावा. एखादा मोठा लघुग्रह टकरीत फुटला आणि त्याचा हा एक तुकडा उरला, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी काढला.

अधिक महत्त्वाची गोष्ट रंगांत दडलेली होती. कडांवर आणि ताज्या विवरांभोवती, जेथे आतील दगड उघडा पडला होता, तेथे पृष्ठभाग किंचित निळसर होता. अन्यत्र तो लालसर होता. सौरवात आणि सूक्ष्म उल्काकण यांच्या सततच्या माऱ्याने दगडावर लोहाच्या अतिसूक्ष्म कणांचा थर चढतो व त्याचा मूळ रंग झाकला जातो, या कल्पनेला त्यामुळे बळ मिळाले. या प्रक्रियेला ‘अवकाशीय झीज’ असे म्हणतात.

प्रत्यक्ष पुरावा हाती येण्यास मात्र आणखी दोन दशके लागली. जपानच्या ‘हायाबुसा’ यानाने ‘इतोकावा’ या ‘एस’ वर्गाच्याच लघुग्रहावरील धूलिकण जून २०१० मध्ये पृथ्वीवर आणले. ते साध्या कॉन्ड्राइटशी जुळले आणि त्यांवर लोहकणांचा थरही आढळला. कोडे सुटले : दगड तोच होता, फक्त त्याचे बाह्य रूप बदललेले होते.

गास्प्रावरील विवरांना जगभरातील आरोग्यदायी झऱ्यांच्या गावांची नावे देण्यात आली आहेत. त्यांत इंग्लंडचे बाथ, जर्मनीचे बाडेन-बाडेन आहे. तसेच हिमाचल प्रदेशातील पार्वती खोऱ्यात, उष्ण झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेले आपले मणिकर्णही आहे. ‘गॅलिलिओ’चा मुख्य अँटेना अखेरपर्यंत उघडला नाही आणि सप्टेंबर २००३ मध्ये यान गुरूच्या वातावरणात विसर्जित करण्यात आले. परंतु आकाशातील ठिपक्याचे आणि हातातील दगडाचे नाते जुळवण्याची सुरुवात त्याच अडखळत्या यानाने करून दिली होती.