शंकू, साखळी आणि वालाचा दाणा

पहाटे ५.४०

चहाला उकळी येईपर्यंत लॅपटॉप उघडलेला असतो. आज ज्यांचं ऑपरेशन आहे ते काका एसटीतले निवृत्त कंडक्टर, पुणे–सोलापूर मार्गावरचे. कंपवाताला अकरा वर्षं झाली. गोळीचा असर आता दोन तासही टिकत नाही. त्यांचा पहिला एमआरआय थरथरीमुळे पुसट आला होता, म्हणून काल भूल देऊन पुन्हा घेतला. रात्रीपासून गोळ्या बंद आहेत, म्हणजे या घडीला ते खाटेवर लाकडासारखे ताठ पडून असणार.

मला त्यांच्या मेंदूत दोन दाणे शोधून द्यायचेत. सबथॅलॅमिक न्यूक्लियस, आमच्या तोंडी एसटीएन. हे नाव ऐकून काका खूश झाले होते. म्हणाले, "म्हणजे डोक्यातही एसटीच!" दोन्ही बाजूंना एकेक दाणा, वालासारखा चपटा-फुगीर, जेमतेम १२ मिलिमीटर लांब. पॅरिसच्या ल्युइस यांनी १८६५ मध्ये त्याचं वर्णन केलं. विजेची तार थेट तिथे सोडून कंपवाताला आवर घालण्याचं तंत्र मात्र गेल्या शतकाच्या अखेरचं. ग्रनोबलच्या बेनाबिद आणि पोलाक यांनी १९८७ मध्ये आधी थॅलॅमसपासून सुरुवात केली, मग ते या दाण्याकडे वळले.

सकाळी ६.१५

सॉफ्टवेअरने रात्रीतून दाण्याची स्वतःची हद्द आखून ठेवली आहे. देखणी, गुळगुळीत. मला तिचा भरवसा नाही. यंत्र आधी सरासरीचा एक मेंदू घेतं आणि तो काकांच्या मेंदूवर ताणून बसवतं. ती सरासरी बहुधा पाश्चात्त्य डोक्यांची असते. तालैराक यांचा १९८८चा प्रसिद्ध नकाशा तर एकाच साठ वर्षांच्या फ्रेंच बाईच्या मेंदूवरून केलेला. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१९ मध्ये शंभर भारतीय मेंदूंवरून नकाशा केला, तेव्हा आपला सरासरी मेंदू लांबी-रुंदी-उंचीत थोडा लहान भरला. एरवी या फरकाने काही बिघडत नाही. पण अख्खा दाणा सुमारे दीडशे घन मिलिमीटरचा. चित्रात त्याचे एकेक मिलिमीटरचे ठोकळे केले, तर निम्म्याहून जास्त ठोकळे काठावरचेच निघतात. आत असं फारसं काही उरतच नाही.

माझे बाबा मोजणी खात्यात होते. शंकू-साखळीची मोजणी त्यांनी अंगणात शिकवली होती: आधी पायारेषा टाकायची, मग तिच्यापासून काटकोनात अंतरं घ्यायची. इथेही तेच. मेंदूच्या मध्यावर दोन बारीक आडव्या पट्ट्या असतात, पुढची कमिशर आणि मागची कमिशर. त्या जोडल्या की साधारण २५ मिलिमीटरची पायारेषा मिळते. तिच्या मध्यापासून १२ मिलिमीटर बाजूला, ३ मागे, ४ खाली. पुस्तकातला एसटीएन इथे असतो.

काकांचा नाही. त्यांचं तिसरं वेंट्रिकल, म्हणजे मेंदूच्या मधली पाण्याची पोकळी, वयोमानाने रुंदावलंय, त्यामुळे दाणा बाहेर सरकलाय. टी-२ चित्रात तो लोहामुळे काळसर दिसतो. पंचाईत अशी, की खालचा सबस्टॅन्शिया नायग्राही लोहामुळेच काळा. दोन्ही शेतं काळी आणि मध्ये बांध नाही. मग मी शेजारच्या रेड न्यूक्लियसचा आधार घेते. तो गोल, ठसठशीत असतो. त्याच्या पुढच्या कडेच्या रेषेत बाहेर सरकलं की दाणा हाती लागतो. पडद्यावरची डावी बाजू रुग्णाची उजवी असते, हे वीस वर्षांनंतरही मी रोज एकदा मोठ्याने म्हणते.

सकाळी ७.३०

काकांच्या डोक्याला धातूची चौकट बसवली. कवटीत चार स्क्रू, जागच्या जागी बधिर करून. मग सीटी. एमआरआयमध्ये दाणा दिसतो, पण चित्र कडेला किंचित वाकतं. सीटी सरळ असतो, पण त्यात दाणा दिसत नाही. दोन्ही एकमेकांवर बसवली की चौकटीचे आकडे मिळतात. वाटेतल्या रक्तवाहिन्या चुकवून तारेचा मार्ग आखायला पाऊण तास गेला. या कामात घाई नको.

सकाळी १०.२०

डावी बाजू आधी, म्हणजे उजव्या हातासाठी. काका जागे आहेत. केसाइतक्या बारीक टोकाच्या पाच सुया, एक मध्ये आणि चार बाजूंना, दोन-दोन मिलिमीटरवर. त्या अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने खाली जातात आणि पेशींचा आवाज स्पीकरवर येतो. थॅलॅमसमध्ये तापत्या तेलात एखाद-दुसरी मोहरी उडावी तसा. मग जरा शांतता. आणि मग एकदम फोडणी भरात येते, बेताल तडतड, मागे सतत फसफस. एसटीएन!

मधल्या सुईवर पाच मिलिमीटर तडतड ऐकू आली. बाहेरच्या सुईवरही आली. माझी आखलेली हद्द त्या सुईच्या अलीकडेच संपत होती. ऑपरेशन करणाऱ्या सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहिलं.

सकाळी ११.१०

मोजणीला लगतधारकांना नोटीस द्यावी लागते. इथे ते वीज सोडल्यावर आपणहून हरकत घेतात. बाहेरच्या सुईतून १३० हर्ट्झचा प्रवाह सोडला.

"काका, तिकिटाचा चिमटा वाजवल्यासारखी बोटं वाजवा."

ताठरलेली बोटं टकटक वाजू लागली. मी हा क्षण अनेकदा पाहिलाय, तरी दर वेळी मान पुढे जाते.

"आता थांबे सांगा. स्वारगेटपासून."

"स्वारगेट, हडपसर, लोणी, उरुळी, यवत, चौफुला, पाटस..." प्रवाह वाढवला. "भिगवण, इंदापूर, टें... टेंभ..."

जीभ जड झाली, ओठाची उजवी कड ओढली गेली. पलीकडे इंटर्नल कॅप्सूल आहे, मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या तंतूंचा पट्टा. दाणा इथवर आहे हे खरं, पण शेजारी फार जवळ. प्रवाह बंद केल्यावर काकांनी न विचारताच "टेंभुर्णी, मोहोळ, सोलापूर" पुरं केलं. कायमची तार मधल्या मार्गानेच न्यायची ठरली.

निवासी डॉक्टरने विचारलं, तार अजून थोडी खाली का नको? त्याला पॅरिसच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेली नोंद सांगितली. ६५ वर्षांच्या एका बाईंना ज्या टोकाने आराम पडत होता, त्याच्या दोनच मिलिमीटर खालचं टोक चालू केलं. बाई ढसाढसा रडू लागल्या, जगण्यात अर्थ नाही म्हणाल्या. प्रवाह बंद केल्यावर दीड मिनिटाच्या आत सावरल्या. ते टोक नायग्रात गेलं होतं.

दुपारी १.३०

उजवी बाजू विनातक्रार झाली. तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. छातीत बॅटरी बसवायला काकांना भूल दिली. मी डबा खाल्ला, गवारीची भाजी.

संध्याकाळी ६.१०

ऑपरेशननंतरचा सीटी सकाळच्या नकाशावर बसवला. डावी तार ठरल्या जागेपासून ०.७ मिलिमीटर आत. कवटी उघडल्यावर पाणी थोडं निघून जातं आणि मेंदू किंचित खाली बसतो, एवढं चालतं. माझी बाहेरची हद्द मात्र चुकली होती. कॅप्सूलच्या कडेचा धूसर पट्टा मी शेजाऱ्याच्या नावे लावला होता. यंत्राने तो दाण्यात धरला होता, हेही नोंदवायला हवं. आज ते बरोबर होतं.

मोजणीच्या टिपणात मूळ रेघ खोडायची नाही, दुरुस्ती लाल शाईने शेजारी करायची, हा बाबांचा शिरस्ता. फाइलमध्ये माझी सकाळची पिवळी रेघ तशीच ठेवली आणि तिच्या बाहेर, एक मिलिमीटरवर, लाल रेघ ओढली.