बांडुंग शहर आणि घरची भाषा

आपल्याकडे अद्यापि कित्येक घरांतून मुलें आईला 'अगं' म्हणतात आणि वडिलांना 'अहो'. एखादें मूल चुकून वडिलांना 'अरे' म्हणालेंच, तर घर हसतें, आजी एकदां डोळे मोठे करते, आणि तेवढ्यावर भागतें. पण या हसण्याच्या जागीं चारचौघांत लाज वाटूं लागली, आणि त्या लाजेपायीं आईबापांनीं मुलाशीं घरची भाषा बोलणेंच सोडून दिलें तर? जावा बेटावरील बांडुंग शहरांत अनेक सुशिक्षित घरांतून हें घडत आलें आहे; म्हणून त्या शहराची हकीगत वाचकांपुढें ठेवावीशी वाटली.

बांडुंग ही पश्चिम जावा प्रांताची राजधानी. समुद्रसपाटीपासून सुमारें ७०० मीटर उंचीवर, डोंगरांच्या वेढ्यांत वसलेल्या या शहराची वस्ती सुमारें २५ लक्ष आहे. येथील लोक मूळचे सुंदानी. त्यांची भाषाहि सुंदानी. इंडोनेशियाच्या प्रादेशिक भाषांत जावानीच्या खालोखाल तिचाच क्रम लागतो. डच राज्यकर्त्यांनीं १९२० सालीं येथें अभियांत्रिकीचें उच्च विद्यालय काढलें. शिक्षण अर्थातच डच भाषेंतून. त्याच विद्यालयांतून १९२६ सालीं स्थापत्याची पदवी घेऊन सुकार्नो बाहेर पडले आणि पुढें डचांचें राज्यच त्यांनीं हालविलें! १९५९ पासून हें विद्यालय बांडुंग तंत्रविद्या संस्था म्हणून ओळखलें जातें. शहर बहुसंख्य मुसलमानांचें, पण संस्थेच्या मुद्रेवर गणपति, आणि ज्या रस्त्यावर ती उभी आहे त्याचें नांवहि गणेशाचेंच. पुढें १९५४ सालीं शिक्षकांसाठीं महाविद्यालय निघालें, तेंच आजचें शिक्षण विद्यापीठ. १९५७ सालीं जुन्या सुंदानी राज्याचें नांव घेऊन पाजाजारान विद्यापीठ निघालें.

या सर्व विद्यापीठांची भाषा इंडोनेशियन. मलायीवरून घडविलेल्या या भाषेला १९२८ सालीं तरुणांनीं एकराष्ट्राची भाषा म्हणून शपथपूर्वक स्वीकारलें. ती फारच थोड्यांची जन्मभाषा होती, आणि हाच तिचा मोठा गुण ठरला. सुमात्रा, बाली, सुलावेसी येथून आलेला विद्यार्थी बांडुंगच्या वर्गांत सुंदानी मुलाशेजारीं बसतो, तेव्हां दोघेहि सारखेच परके आणि सारखेच घरचे असतात. एवढ्या विखुरलेल्या बेटांचें राष्ट्र भाषेच्या भांडणावांचून उभें राहिलें, याचें आम्हांस कौतुक वाटतें.

मग सुंदानीचें काय बिघडलें? तिचें दुखणें तिच्या सभ्यतेंत आहे. त्या भाषेंत 'उंदाक-उसुक' नांवाची पायऱ्यांची व्यवस्था आहे. जेवण्याचीच गोष्ट घ्या. बरोबरीच्या मित्राशीं बोलतांना 'दाहार', वडीलधाऱ्यांच्या जेवणास 'तुआंग', त्यांच्यासमोर स्वतःच्या जेवणास 'नेदा', आणि जनावराच्या खाण्यास 'न्यातु'. स्वतःविषयीं 'तुआंग' म्हणणें म्हणजे आपणच आपल्याला 'राव' लावून घेणें! गंमत अशी कीं, आज सुंदानीपणाची खूण मानली जाणारी ही व्यवस्था मूळची त्यांची नव्हे. सतराव्या शतकांत जावानी मातारामचा अंमल बसला, तेव्हां दरबारी चालीरीतींबरोबर ती आली, असें अभ्यासकांचें म्हणणें आहे.

अशा भाषेंत मूल चुकणारच. तें सासऱ्यांसमोर चुकलें तर बोल कोणाला लागणार? आईला. त्यापेक्षां इंडोनेशियन बरी. तींत इतक्या पायऱ्या नाहींत, आणि शाळेंतहि उपयोगी. अशी ही साधी गणना. आम्ही त्या आईला दोष देऊं शकत नाहीं. परंतु परिणाम असा कीं, आजोबा सुंदानींत विचारतात आणि नातू इंडोनेशियनमध्यें उत्तर देतो.

नगराच्या कारभाऱ्यांना याची जाणीव आहे. २०१२ सालीं बांडुंग नगरानें सुंदानी भाषा, साहित्य व लिपि यांच्या जतनासाठीं नियम केला. पुढें बुधवार हा सुंदानी वेषाचा व बोलण्याचा वार ठरला. शाळांतून ही भाषा शिकवितात, विद्यापीठांत तिचे विभाग आहेत, आणि साहित्यिक आयिप रोसिदी यांनीं १९८९ सालीं सुरू केलेलें 'रांचागे' पारितोषिक सुंदानी ग्रंथकारांना मिळत आलें आहे. ग्रंथांच्या बाबतींत हें सर्व उत्तमच. बुधवारच्या वेषाविषयीं मात्र आम्ही थोडे साशंक आहोंत. आठवड्यांतून एकदां नेसलेली पैठणी घरांतलें बोलणें बदलीत नाहीं. आणि शाळेंतहि पायऱ्यांचे शब्द चुकले कीं गुण कापले, तर आईचें भय तेवढें मास्तरांच्या हातीं जावयाचें.

लहान मुलाच्या जेवण्यासाठीं सुंदानींत आणखी एक वेगळाच शब्द आहे: 'एमाम'. भरवतांना तो अजूनहि कित्येक आयांच्या तोंडीं येतो. त्यापुढचे शब्द चुकत चुकत बोलण्याची मुभा त्या मुलाला घरांत कोण देतें, तेवढें पाहावयाचें.