विभाज्यतेच्या कसोट्यांचे अध्यापन : पाठांतराकडून कारणाकडे

प्राथमिक स्तरावर 2, 5 व 10 च्या कसोट्या एकक स्थानच्या अंकावरून शिकविल्या जातात. कारण दशक, शतक इत्यादींना या संख्यांनी निःशेष भाग जातो. हे कारण न सांगितल्यास 13 च्या शेवटी 3 असल्याने त्यास 3 ने भाग जातो, असा विद्यार्थ्यांचा ग्रह होण्याचा संभव असतो. वस्तुतः 10, 100, 1000 यांना 3 ने भागल्यास प्रत्येक वेळी बाकी 1 उरते; 200 मागे 2 उरतात. म्हणून अंकांची बेरीज पुरेशी ठरते.

उदाहरणार्थ, बारामतीचा पिन कोड 413102; बेरीज 11, भाग जात नाही. इंदापूरचा 413106, बेरीज 15, भाग जातो. अशा परिचित संख्यांवर कारणासह पडताळलेली कसोटी विस्मरणात गेली, तरी विद्यार्थी ती पुन्हा शोधू शकतो.