पैलवानाचा खुराक आणि मैदानाचें इनाम

पुण्याहून सोलापुराकडे जातांना, उजनीच्या जलाशयाच्या कांठीं, इंदापूर तालुक्यांतील डाळज हें गांव लागतें. या पट्ट्यांत जत्रेच्या निमित्तानें भरणारा कुस्त्यांचा फड आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. प्रारंभीं पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर नि नारळावर लागतात. मग इनामाचा आंकडा चढत जातो, आणि शेवटच्या जोडीचें इनाम बाकीच्यांहून कितीतरी मोठें ठेवलेलें असतें. ही विषमता एखाद्यास खटकेल. परंतु १९८१ सालीं एडवर्ड लाझियर व शेर्विन रोझेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनीं असें दाखविलें कीं, जेथें प्रत्येकाचे परिश्रम मोजणें अवघड, पण कोण वरचढ ठरला हें स्पष्ट दिसतें, तेथें क्रमानुसार बक्षीस देणें सोयीचें. आणि वरच्या व खालच्या बक्षिसांतील अंतर वाढलें, म्हणजे जिद्दही वाढते. १९९० सालीं गोल्फच्या सामन्यांच्या अभ्यासानें या तर्कास पुष्टि मिळाली. जत्रेच्या पंचांना मात्र हें शास्त्र न वाचतांच उमगलें होतें!

पण इनाम एका दिवसाचें, आणि खुराक वर्षानुवर्षांचा. हरणाऱ्यानेंही दूध, तूप, बदाम तितकेच रिचविलेले असतात, आणि त्यांचें देणें त्याच्या घरानेंच भागवावयाचें. येथें शरीरशास्त्राचें थोडें साहाय्य होतें. ४९ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, वजनें उचलण्याचा व्यायाम करणाऱ्यास शरीराच्या दर किलोमागें रोज सुमारें १.६ ग्रॅम प्रथिनें मिळालीं, कीं त्यापुढें तीं वाढवून स्नायूंत विशेष भर पडत नाहीं. म्हणजे ७० किलो वजनाच्या मल्लास रोज ११२ ग्रॅम झालीं. म्हशीच्या लिटरभर दुधांत ३५ ग्रॅमहून अधिक प्रथिनें असतात. १०० ग्रॅम बदामांत सुमारें २१ ग्रॅम, आणि तितक्याच शेंगदाण्यांत सुमारें २५! थंडाईवर माझा राग नाहीं. पण बदामाची प्रतिष्ठा बरीचशी त्याच्या किंमतीनेंच वाढविलेली आहे.

खुराकाचा खर्च असा थोडाफार आटोक्यांत आणतां येईल. मोठ्या मैदानापर्यंत पोंचण्याचा खर्च मात्र निराळाच. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें सहावे आले; त्या वेळीं कोल्हापूरच्या महाराजांनीं खर्च उचलला होता. १९५२ सालीं हेलसिंकीस जाण्यापुरतें द्रव्य कांहीं केल्या जमेना. लोकांनीं वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं स्वतःचें घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. जाधवांनीं ब्राँझपदक जिंकलें. स्वतंत्र भारतास वैयक्तिक स्पर्धेंत मिळालेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. परत आल्यावर त्यांनीं कुस्त्यांचीं मैदानें भरविलीं आणि त्या उत्पन्नांतून प्राचार्यांचें ऋण फेडलें. जगांत तिसरा आलेला मल्ल गहाणखत सोडविण्यासाठीं पुन्हां मातींत उतरला!

इनामाच्या सिद्धान्तांत या गहाणखतास जागा नाहीं. चौदा-पंधरा वर्षांचा, अंगानें चांगला, पण घरचें दुभतें नसलेला पोरगा शेवटच्या जोडीच्या इनामाकडे पाहून दोन वर्षें जोर काढील, आणि तिसऱ्या वर्षीं मजुरीस जाईल. जत्रेच्या पंचांनीं शेवटच्या इनामाचा दहावा हिस्सा बाजूस काढला, तर वरच्या जोडीची जिद्द फारशी मंदावेल असें मला वाटत नाहीं. तेवढ्यांत अशा एखाद्या पोराचें काहीं महिन्यांचें तरी दूध निघेल.