कथेतली आत्या आणि घरातली आत्या

"हे खरंच घडलंय का हो?" कथा छापून आली की हा प्रश्न लेखकाला चुकत नाही. कथा नवराबायकोच्या भांडणाची असेल, तर विचारणारे आधी लेखकाच्या बायकोकडे पाहतात! "छे हो, सगळं काल्पनिक!" असे हसून सांगायचे मीही ठरवून ठेवले होते. पण पहिलीच कथा छापून आली आणि ते उत्तर घरातच चालले नाही.

त्या कथेत एक विधवा आत्या होती. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, फराळाच्या डब्याला कुलूप आणि मुलांच्या हातावर मोजून दोन चकल्या. शेवटी ती डब्यांवर पहारा करीत एकटीच उरते, असे मी दाखवले होते. मित्रांनी पाठ थोपटली. आमच्या आत्याने दुपारी ती कथा दोनदा वाचली, अंक नीट मिटून ठेवला आणि म्हणाली, "किल्ल्या माझ्या, चकल्याही माझ्याच. पण कुलूप का घालत होते, ते लिहायला विसरलास होय रे?"

विसरलो नव्हतो. वडिलांची नोकरी त्या वर्षी सुटली होती. असेल तेवढ्या फराळात येणाऱ्याजाणाऱ्यांच्या बश्या भरायच्या होत्या, आणि आत्या आपल्या वाट्याची चकली माझ्या धाकट्या बहिणीला देत असे. मला सारे ठाऊक होते. पण ते लिहिले असते तर कथेचा शेवट साधत नव्हता!

आता तुम्ही म्हणाल, लेखकाने स्वतःचे आयुष्य नाही वापरायचे, तर काय शेजाऱ्याचे? खरे आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिली, ती आपल्याच आईच्या आठवणींतून. पण वाचायला ती माउली हयात नव्हती. हयात माणसांवर लिहायचे म्हणजे काम अवघड.

चार्ल्स डिकन्सचेच पाहा ना. १८२४ साली त्याचे वडील कर्जापायी लंडनच्या मार्शलसी तुरुंगात पडले. बारा वर्षांचे हे पोर बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात, आठवड्याला सहा शिलिंगांवर, लेबले चिकटवू लागले. पुढे एवढी कीर्ती मिळाली, तरी ही हकीकत त्याने जगापासून लपवली. जॉन फॉर्स्टर या मित्राला त्याने ती सांगितली होती. लोकांना कळली ती डिकन्स १८७० साली वारल्यानंतर, फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून. आणि गंमत अशी, की १८४९-५० साली मासिक हप्त्यांनी निघालेल्या 'डेव्हिड कॉपरफील्ड'मध्ये तोच मुलगा दारूच्या वखारीत बाटल्या धुताना साऱ्या इंग्लंडने पाहिला होता! कर्जबाजारी वडिलांचा तिथे झाला मिकॉबर. उद्या काहीतरी चांगले घडेलच, या भरवशावर जगणारा हा गृहस्थ वाचकांचा लाडका ठरला. वडील तेव्हा हयात होते, हेही लक्षात घ्या. पोराच्या मनात कडवटपणा असणारच, पण लिहिताना त्याला बापाचा लोभही आठवला.

मात्र याच कादंबरीत त्याचा हात एकदा घसरला. मिस माउचर ही अतिशय बुटकी बाई त्याने लबाड म्हणून रंगवायला घेतली. तिचे रूप त्याने उचलले होते लोकांचे हातपाय निगुतीने साफ करून पोट भरणाऱ्या एका बाईंवरून. त्यांनी स्वतःला ओळखले आणि दुखावून त्याला पत्र लिहिले. डिकन्सला वाईट वाटले. त्याने बेत बदलला आणि पुढच्या एका हप्त्यात मिस माउचरला सरळ मनाची, धीराची बाई करून टाकले. टीकाकार म्हणतात, तो सांधा नीट जुळलेला नाही. नसेल! मला कादंबरीतली ती जागा आवडते.

डिकन्सच्या हाती निदान पुढचा हप्ता होता. माझी कथा एकाच अंकात संपलेली.

आत्या रागावली नाही, बोलायचीही थांबली नाही. फक्त जुन्या गोष्टी सांगताना मी आत आलो, की ती मध्येच थांबे आणि भाजी निवडायला घेई. बायका विचारत, "मग पुढं काय झालं?" ती माझ्याकडे पाहून म्हणे, "काही नाही."

तिला जाऊन बरीच वर्षे झाली. धाकटीला दिलेल्या त्या चकलीची हकीकत आज प्रथमच छापली जात आहे.