फी थकली, तरी फाइल पक्षकाराचीच

नागपूरच्या जिल्हा न्यायालयात असो वा उच्च न्यायालयाच्या खंडपीठात, वकील-पक्षकारांचे संबंध बिघडतात ते बहुधा पैशांवरून आणि कागदांवरून. मध्य प्रदेशातील एका सहकारी बँकेच्या वकिलाने फी थकली म्हणून फाइली अडवून ठेवल्या. 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने हे गैरवर्तन ठरवले: फीसाठी दावा लावा, पण कागद परत द्या. निकाल अगदी रास्त होता. कागदांविना पक्षकार दुसरा वकील तरी कसा करणार?

निकालातल्या रकमेत टक्केवारी ठरवणेही बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. पक्षकाराच्या पैशांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. कोर्ट फीसाठी घेतलेले पाचशे रुपयेही वहीत तारखेसह दिसायला हवेत. पुढची तारीख लेखी कळवली, तर निम्मे वाद उद्भवतच नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाच्याच 2024च्या निकालानुसार वकिलाविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही. नागपूरकरांनी गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे करायची असते. अधिवक्ता अधिनियम, 1961च्या कलम 35 नुसार समज देण्यापासून सनद कायमची काढून घेण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते. तेव्हा दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागा आणि कोऱ्या कागदावर सही करू नका.