बांधावरचा कवळा

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस सुरगाणा तालुका आहे. नार व पार या नद्या येथील डोंगरांत उगम पावून गुजरातेकडे उतरतात. मृगाच्या सरी पडल्या, की येथील माळांवर, भातखाचरांच्या बांधांवर व ओहोळांच्या काठी गवतात कवळा उगवू लागतो. काही ठिकाणी त्यास कवला असेही म्हणतात. भाजी म्हणून तो घरोघरी परिचित आहे. बांधाचा राखणदार म्हणून मात्र त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

कवळा तूर-उडदाच्याच कुळातील. शास्त्रज्ञ त्याच्या वंशास ‘स्मिथिया’ म्हणतात. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जेम्स एडवर्ड स्मिथ यांच्यावरून हे नाव १७८९ साली पडले. सह्याद्रीत त्याच्या अनेक जाती आहेत. पाने चिंचेच्या पाल्यासारखी बारीक असून एका जातीची तर लाजाळूप्रमाणे स्पर्शाने मिटतात. श्रावण-भाद्रपदात पिवळी फुले येऊन माळच्या माळ रंगून जातात. काही जातींच्या फुलांवर दोन तांबूस ठिपके असतात. शेंग पेरापेरांची असून फुलाच्या हिरव्या वेष्टनातच घडी घालून बसलेली असते. त्यामुळे ती सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही, आणि नुकसान होते ते येथेच.

कारण कवळा वर्षायू आहे. पावसाळा सरला, की तो वाळतो. पुढील वर्षी उगवतो तो केवळ जमिनीत पडलेल्या बियांपासून. भाजीसाठी तो मुळासकट उपटला, अथवा बांधावर तणनाशक फवारले, तर फुलण्यापूर्वीच रोप नष्ट होते व बी पडत नाही. बांध उघडा पडला म्हणजे जोराच्या सरीने माती सुटून खाचरात येते. नागली-वरईच्या वरकस उतारावर तर ही हानी अधिकच. शिवाय कवळ्याच्या मुळांवरील गाठींत हवेतील नत्र साठविणारे जिवाणू असतात. हा लाभही जातो.

यास्तव भाजीसाठी कोवळे शेंडे तेवढे खुडावेत. खालून फुटवे येतात. बांधाचा काही भाग फुलोऱ्यापासून रोप वाळेपर्यंत कापू नये व तेथे गुरे सोडू नयेत. जेथे कवळा नाहीसा झाला असेल, तेथे वाळलेली रोपे आणून बांधावर झटकावीत. बी आपोआप मातीत मिसळते. त्यासाठी नांगरट करण्याचे कारण नाही.